दोन तासांचा नकार

कारखान्यातल्या मोटरने पेट घेतला तेव्हा आमचे काका शेठच्या केबिनमध्ये गेले, चपला दाराशी काढल्या, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि म्हणाले, "शेठ, आज कारखान्यात उजेड जरा जास्तच पडलाय."

शेठ मान वर न करता म्हणाला, "मग दोन ट्यूब बंद कर."

"ट्यूबच्या हातात आता फारसं काही राहिलंय असं वाटत नाही," काका म्हणाले.

एवढ्यात मागून एक कारागीर बोंबलत आला, "सेठ, आग लगी है, भागो!" आणि शेठ रजिस्टर हातात घेऊनच पळाला. नुकसान थोडक्यावर निभावलं. पण काका त्या कारागिराशी वर्षभर धड बोलले नाहीत. "असं एकदम सांगतात का माणसाला? शेठला बीपी होता, बाय," असं ते मला सांगायचे. हा किस्सा त्यांनी मला निदान दहा वेळा सांगितला असेल, आणि दर वेळी त्यातला मूर्ख माणूस म्हणजे तो कारागीर, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नसायची.

काका म्हणजे वळ गावातले आमचे शेजारी. सगळं गाव त्यांना मेहता म्हणायचं. ते त्यांचं आडनाव नव्हे. भिवंडीच्या लूम कारखान्यांत शेठ आणि कारागीर यांच्या मधोमध जो उभा असतो आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खातो, त्याला मेहता म्हणतात. काकांनी हे काम तीस वर्षं केलं. शेठचं बोलणं कारागिरांना जसंच्या तसं सांगितलं तर लूम बंद पडायचे, आणि कारागिरांचं शेठला सांगितलं तर मेहताच बंद पडायचा. त्यामुळे इकडून तिकडे जाताना प्रत्येक वाक्याला वळसा घालायची सवय त्यांना लागली, ती कारखाना सुटला तरी सुटली नाही. मी एकदा वैतागून विचारलं, "काका, सरळ का नाही हो बोलत?" तर म्हणाले, "बाय, सरळ रस्त्यावर कंटेनर फार. गल्लीतून गेलेला माणूस उशिरा पोचतो, पण पोचतो."

काका वारले त्याला आता दोन वर्षं झाली. हे मी असं एका दमात सांगून टाकलेलं त्यांना मुळीच आवडलं नसतं. पण माझी जीभ पहिल्यापासूनच फटकळ. आई म्हणायची, हिला जन्मताना डॉक्टरांनी गाल दिले, त्यात जीभ मावली नाही. तेव्हा काकांचं आणि माझं कसं जमलं, याचं आमच्या आळीला नवल वाटायचं.

ते घरी आले की कधी पाणी मागायचे नाहीत. "अंजूरफाट्यावरून चालत आलो, बाय. ऊन असं की जीभ टाळूला विचारते, तू कोण?"

"पाणी पाहिजे का?"

"आता तू म्हणतेसच तर."

काकूंना ते नावाने तर सोडाच, 'बायको' असंही कधी म्हणाले नाहीत. "घरातून निरोप आलाय," "घरात आज जरा ढग आहेत," असं चालायचं. आणि काकू? काकू म्हणजे दुसरं टोक. ओट्यावर बोंबील साफ करत बसायच्या आणि हातातलं काम न थांबवता नवऱ्याचं मराठीतून मराठीत भाषांतर करायच्या. काका बाबांना म्हणायचे, "दुपारच्या जेवणानंतर माणसाचं अंग जमिनीकडे ओढ घेतं, नाही का?" की काकूंचा आवाज यायचा, "झोप आलीय त्यांना. घरी जा म्हणावं."

एकदा काका औषधांच्या दुकानात गेले होते. मी डोकेदुखीच्या गोळीसाठी मागेच उभी. दुकानदार उत्तरेकडचा. काका त्याच्याकडे झुकून हळूच म्हणाले, "भाईसाब, सुबह का जो पहला काम होता है, वो आजकल टाइम पे नहीं होता."

"ड्युटी कितने बजे की है, चचा?"

"ड्युटी का सवाल नहीं. हम तो जाके बैठते हैं, आधा-आधा घंटा राह देखते हैं, मगर..."

"अरे, बस का यही हाल है चचा," दुकानदार कळवळून म्हणाला, "रिक्षा कर लिया करो."

हसू दाबताना माझं डोकं आणखी दुखायला लागलं. तेवढ्यात मासळीची पिशवी घेऊन काकू दुकानात शिरल्या आणि रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पोट साफ होत न्हाय त्यांचं. इसबगोल द्या." काका पुढचे चार दिवस त्या रस्त्यानेच गेले नाहीत.

कुणी वारलं तर "तब्येत जरा जास्त आहे, येऊन जा" असं फोनवर सगळेच सांगतात. काकांना तेवढंसुद्धा टोकदार वाटायचं. एकाच्या बाबतीत त्यांनी कळवलं, "घरी माणसं बरीच जमलीयत, फक्त तुमचीच वाट आहे." पाहुणे बिचारे इस्त्रीचे कपडे घालून, आहेराचं पाकीट घेऊन आले.

असं सगळं असलं तरी एका कामात काकांचा हात धरणारा आसपासच्या दहा गावांत कुणी नव्हता. स्थळाला नकार पोचवावा तर त्यांनीच.

आमच्याकडे हे काम भलतंच नाजूक. सगळी गावं एकमेकांत गुंतलेली. शेतं शेजारी-शेजारी होती, आता त्या शेतांवरची गोडाऊनं शेजारी-शेजारी आहेत. ज्याच्या पोराला आज नको म्हणायचं तो उद्या तलाठ्याकडे रांगेत पुढे उभा असतो आणि परवा कुणाच्या तरी हळदीला आपल्याच पंगतीत. त्यामुळे नको तर म्हणायचं, पण म्हटलं असं वाटता कामा नये. मग काकांना बोलावणं जायचं. ते पांढरा सदरा, टोपी घालून सकाळच्या एसटीने निघायचे. पिशवीत एक खाकी पाकीट, त्यात मुलाचा परत करायचा फोटो आणि पत्रिका. तिथे पोहे, चहा, परत चहा, आणि दोन तास बोलणं. काय बोलायचे देव जाणे, पण ऐकणारी माणसं फोन करून आभार मानायची. एका मुलाचा बाप तर म्हणाला होता, "मेहतानं नकार दिला आणि मला होकारापेक्षा बरं वाटलं."

आता माझ्यावर येते.

मी तेव्हा राहनाळच्या एका गोडाऊनमध्ये होते. आलेला माल उतरवून, तपासून, रॅकवर लावायचा तो सगळा विभाग नुकताच माझ्याकडे दिला होता. हाताखाली बारा बायका. सकाळी आठला मी गेटमधून आत शिरले की "मॅडम आल्या" असं कुणीतरी म्हणायचं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. वळमध्ये मी अमक्याची मुलगी होते. तिथे मी मी होते.

स्थळ आलं वज्रेश्वरीचं. देवळाच्या रस्त्यावर पूजेच्या सामानाचं दुकान, मुलगा शांत, शिकलेला. त्याची आई विधवा. तिनेच दुकान उभं केलेलं. बघायला आल्या तेव्हा त्या मावशींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "बाय, आमच्याकडं आलीस की दुसऱ्याच्या दारात कामाला जायचं न्हाय. आपलं दुकान हाय." त्यांनी ते प्रेमाने म्हटलं होतं. मला मात्र गेटवरचं "मॅडम आल्या" आठवलं.

ते गेल्यावर मी घरात सांगितलं, "मला हे लग्न करायचं नाही. कळवून टाका."

बाबा म्हणाले, "बघू."

"बघू काय बघू? नाही म्हणा."

"म्हणू की. पण त्या बाईचा दीर तुझ्या थोरल्या भावाचा व्याही लागतो. मेहताला पाठवू."

जाण्याआधी काका माझ्याकडे आले. "बाय, तुझं म्हणणं नेमकं कसं मांडू?"

"नाही म्हणून सांगा."

"ते तर झालंच गं. पण त्याला अंगावर कपडे घालायला नकोत? नागडं कसं पाठवायचं?"

संध्याकाळी परत आले ते खुशीत. "काम झालं. माणसं फार समजूतदार. आईनं तर डोळ्याला पदर लावला." मी सुटले म्हणून दुसऱ्या दिवशी गोडाऊनमधल्या बाराही बायकांना वडापाव दिला.

आणि दहा दिवसांनी, शनिवारी दुपारी, बाबांना मावशींचा फोन आला. "उद्या आमी पाचजणी येतो, बायची ओटी भरायला. साडी हिरवी घेतलीय, तिला शोभंल."

बाबांचा चेहरा पांढराफटक. मी तशीच चपला न घालता काकांच्या ओट्यावर गेले. काकू शेजारी मासे निवडत होत्या.

"काका, तुम्ही त्यांना नाही म्हणालात का?"

"त्याच अर्थाचं सगळं म्हणालो."

"काय म्हणालात ते सांगा."

काका सावरून बसले. "म्हटलं, आमची पोर म्हणजे खाडीकाठचं रोप. तुमच्याकडे गरम पाण्याची कुंडं. माती बदलली की झाड जरा वेळ घेतं."

"पुढे?"

"म्हटलं, बारा बायकांना दमात ठेवते. तुमचं दुकान तर ती एका हातानं आवरेल, तेवढ्यात तिचं मन भरायचं नाही."

"काका, ही तारीफ झाली!"

"अगं, तारीफ करूनच नको म्हणतात. माणूस दोन तास खूश राहतो, मग आपण उठायचं, आणि उठता उठता बशीखाली पाकीट..."

तिथेच ते थांबले. त्यांचा हात पिशवीकडे गेला आणि तसाच राहिला.

पाकीट नव्हतंच! त्या मुलाचा फोटो, पत्रिका सगळं बाबांच्या मोबाईलवर आलेलं, आमचंही तसंच गेलेलं. परत करण्यासारखं कुणाकडे काहीच नव्हतं. काका गेले, दोन तास गोड बोलले, पोहे खाल्ले आणि हात हलवत परत आले. त्या माउलीने होकार समजून साडी घेतली, यात तिची काय चूक?

माझं डोकं फिरलं होतं. मी बोलून गेले, "म्हणजे काका, इतकी वर्षं नकार ते पाकीट देत होतं. तुम्ही नुसते बोलत होतात."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. नोकरीवरून काढलेल्या माणसाचा चेहरा मी गोडाऊनच्या गेटवर पाहिलेला आहे. तसा झाला होता. काकू इतर वेळी मध्ये पडल्या असत्या, पण त्या खाली मान घालून मासे निवडत राहिल्या. मी तसं बोलायला नको होतं. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

घरी येऊन मी फोन उचलला, तर बाबांनी तो हातातून घेतला. "साडी घेतलेल्या बाईला फोनवर नाही म्हणतात का? उद्या मेहता तोंडावर सांगेल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"सांगेल गं," बाबा म्हणाले आणि अंगणात जाऊन उगाच दोरीवरचे कपडे चाचपायला लागले. तेव्हाच मला कळलं की उद्या कुणीच काही बोललं नाही, तर माझी ओटी भरली जाईल. भरलेली ओटी आमच्याकडे कुणी परत करत नाही.

रविवारी अकरा वाजता गाडी आली. रविवार म्हणजे देवळात गर्दीचा दिवस, तरी मावशी दुकान बंद ठेवून आलेल्या. चार बायका बरोबर, हातात रुमालाने झाकलेलं ताट. आईने कांदेपोहे केले होते, काकू मदतीला स्वयंपाकघरात. बाबा "गाडी जरा मागे घ्यायला सांगतो" म्हणून बाहेर गेले आणि ती गाडी त्यांना तासभर नीट लागेना. खुर्चीवर काका बसले होते, पांढरा सदरा, टोपी. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि घसा साफ केला.

मी मनात म्हटलं, काका, आज एकदाच. एकदाच सरळ बोला.

"मावशी," काका म्हणाले, "काही बिया असतात बघा, दोन्ही हातांनी जपून लावल्या तरी त्यांचा जीव दुसऱ्याच वाफ्यात असतो."

"खरं हाय," मावशी म्हणाल्या. "आमचा वाफा तयारच हाय."

काकांना घाम फुटला. त्यांनी दुसरी गल्ली धरली. बस, बसचं वेळापत्रक, वेळ आणि माणूस, माणसाचं मन. ते जिथून निघत होते तिथून रस्ता फिरून मावशींच्याच दारात जात होता. मावशी मान डोलवत होत्या. शेजारची बाई ताटावरचा रुमाल सोडायला लागली. काका बोलताहेत, रुमालाची गाठ सुटतेय, आणि मला काकांचे हात दिसत होते. ते मांडीवर नसलेलं पाकीट चाचपत होते. त्यांना सरळ बोलायला यायचंच नाही हो. त्यांनी जीव तोडून प्रयत्न केला असता तरी आलं नसतं.

"मेहता, दमलात तुमी," मावशी म्हणाल्या. त्यांनी मला शेजारी बसवलं आणि माझा हात हातात घेतला. त्यांच्या बोटांना कापराचा वास होता. "बाय, तूच सांग. पसंत हाय ना सगळं?"

आली की वेळ. रात्रभर मी एकच वाक्य पाठ केलं होतं, मला हे लग्न करायचं नाही. मी, जिच्या जिभेला गाल पुरले नाहीत अशी मी. तोंड उघडलं आणि ऐकते तर काय,

"मावशी, म्हणजे कसं आहे ना, आमच्याकडे सकाळी आठला पहिला ट्रक लागतो..."

देवा! मी हादरले. पण त्या हिरव्या साडीकडे आणि त्या चेहऱ्याकडे बघून दुसरं काही बाहेर पडेचना. "ट्रक लागला की बायका माझ्याकडे बघतात. कुठला माल कुठं लावायचा, ते मी सांगते. एकीला वाचता येत नव्हतं, तिला मी खोक्यांवरची अक्षरं शिकवली. आता ती मला चुका दाखवते. माझी आजी भाताचं खळं एकटी सांभाळायची म्हणे. त्याच जागेवर आता गोडाऊन आहे. मी तिथं उभी राहिले की मला..."

पुढे मला रडूच यायला लागलं. मावशींनीही एकटीने दुकान उभं केलं होतं. पहिल्या दिवशी फळी उघडली असेल तेव्हा त्यांनाही असंच काहीतरी वाटलं असेल.

त्यांनी पदराने माझे डोळे पुसले आणि म्हणाल्या, "म्हणजे न्हाय."

मी मान हलवली.

"नोकरी चालू ठेवून आलीस तर? मी पोराशी बोलीन."

"वज्रेश्वरीहून आठची हजेरी जमायची नाही, मावशी. आणि दुकानात मला तुमची सून म्हणून बसायचं नाही."

एवढं मात्र सरळ बोलले. त्यांनी माझा हात सोडला नाही, पण दुसऱ्या हाताने ताटावरचा रुमाल पुन्हा ओढून घेतला. "आवडली होतीस मला," त्या म्हणाल्या. "पण ओढून कुणाला नेत न्हायत." त्यांचा आवाज जड झाला होता. मला माझीच लाज वाटत होती आणि आतून हलकंही वाटत होतं, दोन्ही एकदम.

मग मात्र त्यांनी मोर्चा काकांकडे वळवला. "मेहता, त्या दिवशी दोन तास बसलात. दोनदा पोहे घेतलेत. हेच सांगायला आलतात?"

"हो."

"मग सांगितलंत का न्हाय?"

"तेच सांगत होतो."

"कधी?"

"सगळा वेळ," काका म्हणाले.

कुणी हसलं नाही. काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. टोपीशिवाय ते एकदम म्हातारे दिसले. "मावशी, माझ्यामुळे तुम्हाला दुकान बंद ठेवावं लागलं," ते म्हणाले. "यापुढे मी कुणाचा निरोप नेणार नाही." त्यात एकही वळसा नव्हता.

तेवढ्यात काकू चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. "त्यांना नका बोलू, मावशी. माझ्या बापाकडं पण असेच आलते. स्वतःचा नकार स्वतःच घेऊन."

काकांची मान झटकन वर झाली. "तुला... म्हणजे तुझ्या कानावर..."

"भिंतीआड बसून दोन तास ऐकलं मी. आमच्या बापाला काय कळलं न्हाय, तो लगेच सुपारी फोडायला उठला. मला कळलं होतं."

चाळीस वर्षं काका समजत होते की ते आपलं आपल्यापाशीच आहे. त्यांचं तोंड उघडं राहिलं. मावशी आधी गालात हसल्या, मग पदर तोंडाला लावून गदगदा हसायला लागल्या, आणि त्यांच्या बरोबरच्या बायकाही. घरातली हवा मोकळी झाली. बाहेर बाबांची गाडीही एकदाची नीट लागली असावी, कारण तेही दारात येऊन उभे राहिले.

मावशींनी डोळे पुसत विचारलं, "अगं, मग तू का न्हाय बोललीस? उभी का राहिलीस लग्नाला?"

काकू एकेकीच्या हातात कप देत राहिल्या. "हा माणूस मला नको म्हणायला आलता," त्या म्हणाल्या, "आणि मला वाईट वाटू नये म्हणून दोन तास घाम पुसत होता. म्हटलं, नको असताना जो एवढा जपतो, तो..."

काकूंनी शेवटचा कप काकांच्या हातात दिला आणि त्या आत गेल्या.